स्पितीच्या वाळवंटांतील समुद्र

सागरतीरावर शंख सांपडावा यांत नवल नाहीं; परंतु समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांहून उंच, जेथें चार पावलें टाकतांच धाप लागते अशा ओसाड डोंगरावर सागरांतील प्राण्याचा अवशेष पायाखालीं यावा, हें नवलच म्हटलें पाहिजे. हिमाचल प्रदेशांतील स्पितीच्या खोऱ्यांत गेल्या भाद्रपदांत मला हा अनुभव आला. त्या प्रवासामागें माझें एक जुनें ऋण होतें. तें आधीं सांगतों.

आमच्या देवघरांत आजोबांच्या वेळेपासून एक शाळिग्राम आहे. वज्रकीट नांवाचा किडा पाषाण पोखरून त्यांत चक्रें कोरतो, ही पुराणांतरींची कथा मीं बालपणीं ऐकली, आणि पुढें शिक्षक झाल्यावर वर्गांत तशीच सांगितली. एकदां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, तो किडा हल्लीं कोठें सांपडतो?" मला उत्तर येत नव्हतें, आणि येत नव्हतें म्हणूनच मीं त्याला उद्धट ठरवून खालीं बसविलें. मुलगा बसला, प्रश्न मात्र बसला नाहीं. माझा पुतण्या भूगर्भशास्त्राचा अभ्यासक आहे. त्याच्याजवळ मीं ही गोष्ट बोलून दाखविली, तेव्हां तो म्हणाला, "काका, त्याचें उत्तर पुस्तकांत नको, स्पितींत पाहूं."

सिमल्याहून सतलजच्या काठानें किन्नौर ओलांडीत मोटार वर चढूं लागली, तसतशी देवदारांची दाटी विरळ होत गेली आणि अखेरीस झाड म्हणून दिसेनासें झालें. नैऋत्येकडून येणारे मेघ हिमालयाच्या दक्षिण उतारावर आपलें बहुतेक जल सांडून देतात. पलीकडील खोऱ्यांच्या वांट्यास कोरडा वारा तेवढा उरतो. जेथें वितळलेल्या बर्फाचें पाणी पाटानें आणलें आहे, तेथें जवाचीं व वाटाण्याचीं हिरवीं शेतें. त्यांच्या बांधापलीकडे लगेच वाळवंट. मात्र हीच उजाडी अभ्यासकाला वरदान ठरते. आपल्या सह्याद्रींत खडकावर माती, मातीवर गवत, गवतावर रान. येथें पर्वताचे थर उघडे पडले आहेत. कोठें आडवे, कोठें तिरपे, कोठें घडी घातलेल्या धोतरासारखे दुमडलेले.

काझा हें या खोऱ्यांतील मुख्य गांव. तेथून तासाभराच्या चढणीवर लांग्झा नांवाचें लहानसें खेडें आहे. खोऱ्याकडे मुख करून बसलेली बुद्धाची भव्य मूर्ति, मागें हिमशिखर आणि उतारावर काळ्या, ठिसूळ पाटीच्या दगडाचा चुरा. त्या चुऱ्यांतून पुतण्यानें एक काळा गोटा उचलून माझ्या हातावर ठेवला. तो दुभंगलेला होता. आंत पन्हळी रेघांचें वेटोळें स्पष्ट उमटलें होतें. क्षणभर मी बोललों नाहीं. आमच्या देवघरांतीलच चक्र तें!

हा अवशेष अ‍ॅमोनाइट नामक सागरी प्राण्याच्या शंखाचा. सुमारें पंधरा कोटी वर्षांपूर्वीं येथें डोंगर नव्हता, समुद्र होता. ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यानें इ. स. १८९३ मध्यें त्या लुप्त सागरास 'टेथिस' हें नांव दिलें. मेलेला प्राणी तळाच्या काळ्या चिखलांत रुते, शंखाभोंवतीं खनिजद्रव्य जमून गोटा बने, आणि आंत वेटोळ्याचा ठसा राही. नेपाळांतील गंडकीच्या वरच्या खोऱ्यांतही याच काळाचे तसेच काळे खडक आहेत. आपले शाळिग्राम तेथूनच येतात. वज्रकीट खराच होता म्हणावयाचा! फक्त त्यानें दगड पोखरला नाहीं. दगडच त्याच्याभोंवतीं घडला.

मग समुद्राचा पर्वत कसा झाला? पृथ्वीचें कवच अखंड नसून मोठमोठ्या तबकांचें आहे, आणि तीं तबकें हळूहळू सरकतात. दक्षिणेकडील महाखंडापासून सुटलेला भारत एके काळीं वर्षाला अर्धा फूट इतक्या वेगानें उत्तरेकडे येत होता. या वाटचालींतच, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं, आपल्या दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले आणि सह्याद्रीचा काळा पाषाण सिद्ध झाला. जगांतील अ‍ॅमोनाइटांचा वंशही त्याच सुमारास संपला. पुढें, साधारणपणें पांच कोटी वर्षांपूर्वीं, भारत आशियाला भिडला. टेथिसचा तळ चेपला, दुमडला व उचलला गेला. टक्कर नेमकी केव्हां झाली, एकाच वेळीं कीं दोन टप्प्यांत, याविषयीं संशोधकांत अद्याप वाद आहे.

टक्कर मात्र संपलेली नाहीं. उपग्रहांच्या साह्यानें केलेल्या मोजणीवरून भारत आजही वर्षाला दीड-दोन इंच पुढें सरकत आहे, आणि त्यांतील सुमारें पाऊण इंच दाब एकटा हिमालय सोसतो. आश्चर्य असें कीं, दक्षिणेकडे पर्वत चेपला जात असतां या उंच भागांत भूमि पूर्व-पश्चिम ताणलीही जाते. ता. १९ जानेवारी १९७५ रोजीं किन्नौर-स्पितीच्या सीमेवर मोठा भूकंप झाला, तो कौरिक-चांगो या दक्षिणोत्तर भेगेजवळ. इ. स. ९९६ मध्यें स्थापिलेल्या ताबोच्या मठास त्यांत इजा पोंचली. दरडींनीं नदी अडून बनलेल्या प्राचीन सरोवरांचा गाळ या खोऱ्यांत जागोजाग दिसतो. त्याच्या सरळ थरांमध्येंच एखादा थर ताकासारखा घुसळलेला आढळतो; अशा थरांवरून संशोधक बखरींना ठाऊक नसलेले भूकंप हुडकीत आहेत. पुढें कोठें घर बांधावें व कोठें बांधूं नये, हें ठरविण्यास त्या ज्ञानाचा उपयोग आहे.

तो गोटा घरीं आणावा असा मोह मला झाला, हें कबूल करतों. पुतण्या एवढेंच म्हणाला, "काका, पोथीचें एक पान फाडून नेलें तर पानही वाया आणि पोथीही." अवशेष कोणत्या थरांत, कोणत्या उंचीवर सांपडला, यांतच त्याची साक्ष, घरच्या कपाटांत तो मुका होतो. गोटा मीं होता तेथें ठेवला.

घरीं परतल्यावर दुसऱ्या दिवशीं शाळिग्रामावर तुळशीपत्र वाहतांना हात कांपेल असें वाटलें होतें, कांपला नाहीं. पंधरा कोटी वर्षें ज्यानें आपली खूण जपली, त्याच्यापुढें मस्तक लववितांना मला उणें कांहींच वाटलें नाहीं. पूजा आटोपल्यावर मात्र एक काम उरलें होतें. त्या विद्यार्थ्याचा पत्ता शोधून मीं पत्र लिहिलें. तो आतां पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. पत्रांत लांबण लावली नाहीं: "तुझा प्रश्न योग्य होता, मीं तुला बसविलें, ही माझी चूक. तो किडा स्पितींत सांपडला."

वाचकहो, आपल्या देवघरांतील शाळिग्राम एकदां मुलांच्या हातीं द्या. तीं विचारतील तें विचारूं द्या. आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसें सांगा.