सोन्याचे पाणी

नारायणगुड्यात पाऊल ठेवले की आमच्या पिढीतील मराठी माणसास प्रथम आठवते ती केशव मेमोरियल शाळा. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांचे नाव मिरविणारी ही संस्था १९४० मध्ये सुरू झाली. २०२० पासून येथे मेट्रोचे स्थानकही झाले आहे. काचिगुड्याहून पायी येणारी माझ्यासारखी माणसे आता विरळाच. गेल्या मार्गशीर्षात मात्र मी मुद्दाम चालत गेले. पिशवीत सासूबाईंची बोरमाळ होती. नातीच्या लग्नात ती तिच्या गळ्यात घालावी, तत्पूर्वी जरा उजळून घ्यावी, एवढाच हेतू.

गल्लीतील वृद्ध सोनाराने एक मणी भोकापाशी निरखला, कसोटीवर घासला आणि हलकेच म्हणाला, "अम्मा, ये तो चांदी है. उप्पर खाली पानी है." आपल्या हैदराबादी बोलीत 'खाली' म्हणजे 'केवळ', हे वाचकांस सांगावयास नकोच.

मी स्टुलावर बसलेच. मामंजींच्या आजारपणात दागिने गहाण टाकण्याची वेळ आली, तेव्हा सासूबाईंनी पाटल्या पुढे केल्या होत्या. बोरमाळेस हात लावू दिला नव्हता. "सौभाग्याचे लेणे आहे," असे त्या म्हणाल्या होत्या. त्या वेळी मला तो हट्ट वाटला. पेढीवरच्या कसोटीला ती माळ लागू नये, हे त्याचे खरे कारण आज उमगले. मूळची सोन्याची माळ केव्हा आणि कोणाच्या फीपायी गेली, ते त्या सोबतच घेऊन गेल्या.

सोनाराला माझी अवस्था कळली असावी. चहा मागवून तो आपल्या धंद्याविषयी बोलू लागला. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने १४ कॅरटहून चोख दागिने घडविण्यास बंदी आली, तेव्हा त्याचे वडील चांदीकडे आणि मुलाम्याकडे वळले. (१९६८ मध्ये झालेला सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला.) पूर्वी सोने पाऱ्यात खलून त्याचे लोणी करीत, ते चांदीवर माखीत आणि विस्तवावर पारा उडवून देत. सोने चिकटून राही. पाऱ्याची वाफ मात्र कारागिराच्या पोटात जाई. हात कापू लागत, दात हलू लागत. १८४० मध्ये इंग्लंडातील एल्किंग्टनांनी विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले आणि पुढे ती रीत सर्वत्र रूढ झाली. तीही निर्धोक नव्हे. सोने ज्या क्षारातून उतरते, त्यात सायनाइड असते. म्हणून घरी हा खटाटोप कोणी करू नये.

माझ्या माळेच्या मण्यांत लाख भरलेली. विस्तव दाखविला तर ती वितळणार, म्हणून विजेचाच मार्ग, आणि तोही कोमट पाण्यात. "सगळ्या माळेला पाणी देऊ?" त्याने विचारले. दिले असते तर पुन्हा ती सोन्याचीच दिसली असती. शिवाय मुलामा पातळ असला की खालची चांदी वर्षानुवर्षे हळूहळू वर झिरपते आणि काळवंडते. अमेरिकेत मुलाम्याच्या चांदीला 'व्हर्मे' म्हणून विकावयाचे तर सोन्याचा थर किमान अडीच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चारशेवा भाग, असावा लागतो. बाजारातील चकाकी बहुधा याहून कितीतरी पातळ असते.

मी नातीला फोन केला. सारे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "आजी, चांदी दिसू दे ना. मधल्या पाच मण्यांना तेवढं सोनं दे."

सोनाराने उरलेसुरले जुने पाणी उतरविले, रिठ्याने माळ धुतली, ज्या मण्यांना सोने नको त्यांवर लाखेचे वार्निश फिरविले आणि तारेला टांगून माळ कढईत सोडली. पाहता पाहता पाच मणी पिवळे झाले. वार्निश पुसल्यावर त्या पाचांच्या दोन्ही अंगांना पांढरी माळ उजळली. तशी ती मी पूर्वी कधीच पाहिली नव्हती.

पावतीवर मी त्याला स्पष्ट लिहावयास लावले: चांदीची बोरमाळ, पाच मण्यांस सोन्याचा मुलामा. ती पावती माळेबरोबरच डबीत ठेवली आहे.