गोवऱ्या कोणी नेल्या?

टेक्स एव्हरीने १९४५ साली एमजीएमसाठी 'द शूटिंग ऑफ डॅन मॅकगू' नावाचं कार्टून केलं. जेमतेम आठ मिनिटांचं. ड्रूपी हा रडक्या चेहऱ्याचा कुत्रा हीरो आणि लांडगा व्हिलन. या शनिवारी दोनदा बघून झालं. मूळ आहे रॉबर्ट सर्व्हिसची १९०७ सालची गाजलेली कविता. सोन्यामागे युकॉनला गेलेले लोक, दारूचा गुत्ता, एक अनोळखी माणूस, एक बाई आणि शेवटी गोळीबार. गंमत म्हणजे सर्व्हिससाहेब बँकेत कारकून होते!

एव्हरी करतो काय, तर कवितेतले वाक्प्रचार शब्दशः खरे मानतो. इंग्रजीत मरायला टेकलेल्या माणसाचा एक पाय थडग्यात असतो ना? मग लांडगा आत येतो तोच पायात अख्खं थडगं अडकवून. म्हणजे आमच्या कॉम्प्युटरसारखंच झालं. सांगितलं तेवढं केलं, म्हणायचं काय होतं ते गेलं खड्ड्यात. मी पोटासाठी रोज त्याच्याशी भांडतो, इथे मात्र हसून पोट दुखलं.

आपल्याकडे अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले'त विडंबनं केली, पण त्यांची रीत वेगळी. कवितेचा सगळा थाट तसाच ठेवायचा आणि विषय घ्यायचा परिटाचा. तिथे शैलीची खोड मोडते. एव्हरी शब्दालाच धरतो.

गेल्या दिवाळीत उमरीला, म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावी, हाच प्रकार घरात झाला. आई बोलता बोलता म्हणाली, "आता काय बाबा, माझ्या अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्यात." माझी पाच वर्षांची पोरगी, जन्माने पुणेकर. तिने लगेच विचारलं, "आजी, कोणी नेल्या?"

सगळे खो खो हसलो. आईपण हसली. मग म्हणाली, "तुझ्या आजोबानं नेल्या. म्हणाले, मी पुढं जातो, तू ये सावकाश."

बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

हे वाक्य मी लहानपणापासून शंभरदा ऐकलंय. वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालेलं, की त्यात मरण आहे हे कानाला जाणवतच नव्हतं. पोरीने ते खरं मानलं आणि जाणवलं.

असो. कार्टून जरूर बघा, पण आधी कविता वाचा. दोन्ही मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतील.