ओल एकीकडे, उगम दुसरीकडे

गेल्या श्रावणांत एके सकाळीं खालच्या मजल्यावरील शेजारी आमच्या दारीं आले. "आपल्या न्हाणीघरांतलें पाणी आमच्या छतांतून ठिबकतें आहे, एकदां येऊन पाहावें," असें ते संकोचानें म्हणाले. आम्हीं जाऊन पाहिलें. सांडपाण्याचा नळ जेथें छतांतून खालीं उतरतो, नेमका त्याच्याभोंवतीं ताटाएवढा डाग पडला होता.

धाकट्या बंधूंची नोकरी राजीव गांधी इन्फोटेक पार्कांत असल्यामुळें आम्ही सातही जण हिंजवडीस एकत्र राहतों. घरांत सर्वांत दीर्घ स्नान मातोश्रींचें. त्यांचें सारें आयुष्य वाड्यांत गेलें. तेथें मोरीचें पाणी परसांतील आळवाला व केळीला जाई, आणि मोरीखालीं राहणारें कोणी नसे. तांब्यातांब्यानें अंगावर पाणी घेण्याची त्यांची संवय अद्याप कायम आहे. डाग पाहून आल्यावर आमच्या तोंडून सहज निघून गेलें, "एवढें पाणी ओतल्यावर दुसरें काय होणार?" मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या अर्ध्या बादलींत स्नान उरकूं लागल्या.

प्लंबरनें सबंध फरशी उखडण्याचा सल्ला दिला. तेव्हां आमची भावजय म्हणाली, "हातोडा घालण्यापूर्वीं पाण्याची एकेक वाट तपासून पाहूं या." त्याप्रमाणें शोध सुरू झाला.

मुख्य कॉक उघडा ठेवून आम्ही सर्वजण चार दिवस गांवीं गेलों. तेवढ्यांत ठिबकणें थांबलें. भिंतींतील नळांत पाणी सदैव दाबाखालीं असतें. तो फुटला असता तर आमच्या गैरहजेरींतहि थेंब पडतच राहिले असते. मग जाळीचें तोंड घट्ट बुजवून जमिनीवर दोन बोटें पाणी चोवीस तास सांठविलें व पातळीवर पेन्सिलीची खूण केली. पाणी खुणेपासून फारसें हललें नाहीं. खालींहि थेंब नाहीं. बोळा काढून तें सारें पाणी एकदम सोडलें. सांडपाण्याचा नळहि निर्दोष ठरला. न्हाणीघराखालची स्लॅब खोलगट ठेवून विटांच्या तुकड्यांनीं भरलेली असते. त्यांत मुरलेलें पाणी उशिरां बाहेर येतें, म्हणून प्रत्येक परीक्षेनंतर दोन दिवस वाट पाहावी लागे.

मातोश्रींचें स्नान तर निरपराध ठरलें. उरला शॉवर. त्याचें पाणी भिंतीस न लागूं देतां अर्धा तास बादलींत सोडलें. कांहीं झालें नाहीं. नंतर तेंच पाणी अर्धा तास भिंतीवर सोडलें, आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं खालीं थेंब दिसला.

त्या भिंतीवर दाढीच्या सामानाकरितां एक कांचेची फळी होती. टाइल्सना चार भोंकें पाडून ती आम्हींच स्वहस्तें बसविली होती. भोंकें मात्र कशानेंहि बुजविलीं नव्हतीं. त्यांतून पाणी टाइल्सच्या मागें शिरे. जलरोधक लेप पुष्कळदां भिंतीवर फूटभरच चढविलेला असतो. त्याच्याहि मागून उतरून पाणी विटांच्या भरावांत सांठे, व जेथें नळ स्लॅबमधून आरपार जातो त्या दुबळ्या जागीं बाहेर पडे. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी आमची गत झाली होती!

फळी काढली, भिंत आठवडाभर वाळूं दिली, भोंकांत सिलिकॉन भरलें व शेजाऱ्यांच्या छतास आमच्या खर्चानें रंग दिला. वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास त्यांनीं डागावरून निर्णय देऊं नये. फरशीविषयीं देऊं नये, आणि माणसाविषयीं तर नाहींच नाहीं.

मातोश्रींपाशीं आम्हीं अपराध कबूल केला. त्या हंसून एवढेंच म्हणाल्या, "आतां ती फळी कोठें लावणार आहेस?" दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्हाणीघरांतून तांब्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.