सवतींची नाणी, वाशीमचं तांबं

एकाच नवऱ्याच्या दोन बायका. दोघीही तोवर हयात नाहीत. तरी इसवी सन ३३७ ते ३४० या काळात दोघींच्या चेहऱ्यांची तांब्याची नाणी रोमन साम्राज्याच्या त्याच त्या टांकसाळींतून एकाच वेळी बाहेर पडत होती. एक हेलेना, म्हणजे कॉन्स्टंटाईन सम्राटाची आई. दुसरी थिओडोरा, तिची सवत. नवरा कॉन्स्टंटियस क्लोरस. वर चढायचं तर वरिष्ठ सम्राट मॅक्सिमियनशी सोयरीक हवी, म्हणून क्लोरसनं हेलेनाला बाजूला सारलं आणि मॅक्सिमियनच्या घरातली थिओडोरा केली.

पुढची गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, भाऊबंदकी हा एक शब्द पुरतो. ३३७ मध्ये कॉन्स्टंटाईन वारला आणि काही महिन्यांतच सैन्यानं थिओडोराची शाखा कापून काढली. डाल्मेशियस गेला, हॅनिबालियानस गेला, त्यांचे वडीलधारेही गेले. गॅलस आणि ज्युलियन ही दोन मुलं वाचली. गादीवर उरले हेलेनाचे तीन नातू: दुसरा कॉन्स्टंटाईन, दुसरा कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टान्स. आणि नेमक्या याच वेळी थिओडोराचं नाणं निघतं! ट्रियर, रोम, कॉन्स्टँटिनोपल या तिन्ही टांकसाळींत, म्हणजे तिन्ही भावांच्या हद्दीत. का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझं मत असं की जिची नातवंडं मारली त्या आजीलाच बाजारात फिरवून ‘घर एकच आहे’ असं सांगण्याचा तो प्रयत्न होता. हेलेनाच्या नाण्यामागे शांती उभी आहे आणि थिओडोराच्या नाण्यामागे मूल कडेवर घेतलेली ममता. सव्वा-दीड ग्रॅम तांब्यात एवढा निर्लज्जपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हिंगोलीत बसून मी ही नाणी जमवतो, तेव्हा ‘सोन्याची का नाही?’ हा प्रश्न ठरलेला असतो. सोन्याचा सॉलिडस सुंदर असतो, यात वाद नाही. कॉन्स्टंटाईननं एका रोमन पौंडातून ७२ या हिशेबानं तो पाडायला सुरुवात केली आणि साडेचार ग्रॅमच्या आसपासचं ते वजन पुढे कित्येक शतकं टिकलं. पण सोनं तिजोरीत जातं. तांबं भाजीबाजारात जातं, घामाच्या हातांतून फिरतं, म्हणून राजघराण्याला जे लोकांच्या गळी उतरवायचं असतं ते तांब्यावर येतं. शिवाय सराफाकडच्या एका साध्या अंगठीच्या किमतीत यांतली बरीच नाणी येतात. शिक्षकाच्या पेन्शनला ते परवडतं.

फाउस्टाचं नाणं घ्या. ही कॉन्स्टंटाईनची बायको. नाण्यामागे दोन लेकरं हातांवर घेतलेली स्त्री, म्हणजे राज्याची आशा. ३२६ मध्ये कॉन्स्टंटाईननं पहिल्या संबंधातला मुलगा क्रिस्पस याला मारवलं, आणि त्याच वर्षी फाउस्टालाही. दोनच वर्षांपूर्वी याच क्रिस्पसनं बापासाठी प्रतिस्पर्धी लिसिनियसचं आरमार बुडवलं होतं. झोसिमससारख्या नंतरच्या लेखकांनी यात सावत्र आईची अभिलाषा घातली. अशोकाच्या घरातली तिष्यरक्षिता आणि कुणाल यांची कथा आपल्याला ठाऊक असल्यानं ती ओळखीची वाटते, आणि तेवढ्यासाठीच मी तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. सरकारी शिलालेखांवरून दोघांची नावं छिन्नीनं काढली गेली. बाजारातल्या नाण्यांना मात्र कोण छिन्नी लावणार? मारलेली राणी आणि मारलेला राजपुत्र लोकांच्या कनवटीला तसेच राहिले.

चेहऱ्यांवर मात्र फार भरवसा ठेवू नये. कॉन्स्टंटाईनचे मुलगे नुसत्या नाकाडोळ्यांवरून वेगळे काढून दाखवा म्हटलं तर मला जमणार नाही, कडेचा लेख वाचावाच लागतो. हे आपल्याकडेही आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यांत एकाच क्षत्रपाचं तोंड कुठे तरुण तर कुठे म्हातारं आहे, नाकं तर तऱ्हेतऱ्हेची. आणि बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारलेला! असो. रोमन नाण्याच्या मागच्या बाजूला तळाशी टांकसाळीची अक्षरं असतात. ‘एसएमएएनटी’ म्हणजे अँटिओक, ‘एसएमएन’ म्हणजे निकोमिडिया. सैनिक कोरलेल्या नाण्यावर दोन शिपायांमध्ये दोन ध्वज असतील तर ते सुमारे ३३५ च्या आधीचं. नंतर ध्वज एकच उरतो आणि वजनही उतरतं. महागाईचा इतिहास असा वाचता येतो.

या छंदाचा खरा शत्रू आपल्या स्वयंपाकघरात आहे. चिंच, लिंबू, पितांबरी. तांब्याचं भांडं लख्ख करायची आपली सवय नाण्याला लागली की सोळाशे वर्षांत धरलेला हिरवा-काळा थर एका दुपारी जातो, आणि त्याबरोबर अक्षरंही, कारण बऱ्याचदा ती त्या थरातच शिल्लक असतात. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं भिजत ठेवतो, पाणी बदलत राहतो आणि बाभळीच्या काट्यानं माती उचलतो. पावसाळ्यात दमट हवेनं फिकट हिरवी भुकटी दिसू लागली तर ते नाणं लगेच वेगळं काढायचं. तो ब्राँझ डिसीज, आणि तो नाणं आतून खातो.

आता वाशीम. हिंगोलीहून तासाभराच्या वाटेवरचं हे गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथे १९३९ मध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला, त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षाचा. वंशावळ संस्कृतात, दानाचा व्यवहार प्राकृतात. दान दिलेलं गाव नांदिकडाच्या उत्तर मार्गातलं, म्हणजे नांदेडच्या उत्तरेचं, आमच्याच बाजूचं. हा विंध्यशक्ती चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. रोममध्ये कॉन्स्टंटाईनचं घराणं संपून थिओडोशियसचं उभं राहत होतं, तेव्हा इथे हे तांबं कोरलं जात होतं. धातू तोच आणि शतकही तेच. त्यांनी घराणं तांब्यावर चेहऱ्यांनी सांगितलं, आपल्या लोकांनी तांब्यावर बाप-आजा-पणजा ओळीनं लिहून. वाकाटकांची म्हणून अजयमित्र शास्त्रींसारख्या अभ्यासकांनी ओळखलेली नाणी छोटी आहेत, तांब्याची आहेत, पण राजाचं तोंड त्यांवर नाही.

याच कुळात, नंदिवर्धनच्या शाखेत, प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली. नवरा लवकर गेला आणि लहान मुलांच्या नावानं तिनं राज्य चालवलं. पुण्यात सापडलेल्या तिच्या ताम्रपटात सुरुवात सासरच्या नव्हे, माहेरच्या गुप्तवंशापासून आहे. मुद्रेवर ती स्वतःला युवराजाची आई म्हणवते. तिच्या माहेरी राणीचा चेहरा नाण्यावर आणण्याची रीत ठाऊक होती: पहिल्या चंद्रगुप्ताशेजारी कुमारदेवी उभी असलेलं सोन्याचं नाणं प्रसिद्धच आहे, आणि कुमारदेवी ही प्रभावतीची पणजी. (ते नाणं समुद्रगुप्तानं आईबापांच्या स्मरणार्थ पाडलं, असंही काही जण मानतात. तसं असेल तर हेलेनाला ती खरी सोबतीण.) प्रभावतीनंतर थोड्याच काळानं पश्चिम रोमन साम्राज्यात गॅला प्लॅसिडिया लहान मुलाच्या नावानं कारभार पाहत होती. तिच्या सोन्याच्या नाण्यांवर वरून देवाचा हात येऊन तिच्या डोक्यावर मुकुट ठेवतो. दोघींचं काम एकच. प्रभावतीला हात दाखवावा लागला नाही, खापरपणजोबांपासूनची नावं पुरली. मला विचाराल तर ताम्रपटाची भाषा अधिक पक्की, पण हातात धरून बाजारात नेता येईल असं त्यात काही नाही. म्हणून मी नाणी जमवतो आणि वाचतो ताम्रपट.

उत्तरकालीन रोमन तांबं भारतात आलंच नाही असं नाही. मदुराईजवळ वैगई नदीच्या पात्रात, करूरला आणि श्रीलंकेत ते मोठ्या संख्येनं सापडतं, झिजून गुळगुळीत झालेलं. आर. कृष्णमूर्तींनी १९९४ मध्ये करूर आणि मदुराईच्या नाण्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. मराठवाड्याचा रोमशी भरभराटीचा संबंध त्याआधीचा, पैठण आणि तेर यांच्या दिवसांतला. तेरला तर रोमन नाण्यांवरून केलेल्या मातीच्या गोल पदकांना कडी लावून ती गळ्यात घालत. सम्राटाचा चेहरा इथे दागिना झाला होता.

तेव्हा कयाधूच्या काठी नांगराला एखादी हिरवी चकती लागलीच, तर ती घासू नका आणि मोडीतही देऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शिवाय शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. कुठल्या शेतात, किती खोलीवर, शेजारी खापरं होती का, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. नाणं कुणाचं ते नंतरही ओळखता येतं, जागा मात्र एकदा विसरली की गेली.