मूळ गावाचा शोध

चातुर्मास संपताच, कार्तिकी पौर्णिमेनंतर, आम्ही सहकुटुंब मारवाडास निघणार आहोत. जोधपूरहून सुमारे ६५ किलोमीटरवर ओसियां, ओसवालांचे मूलस्थान. तेथील प्राचीन महावीर मंदिराचे दर्शन ठरले आहे. परंतु आमचे पणजोबा कोणत्या गावातून निघाले, हे मात्र घरात कोणास ठाऊक नव्हते.

१८८० च्या दशकात या भागात रेल्वे आली. पुढे धान व तेंदूपानांच्या व्यापाराने गोंदियाची बाजारपेठ वाढली आणि मारवाड, गुजरातेतील अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. पणजोबांची एक लाल वही माळ्यावर सापडली. लिपी महाजनी, काना-मात्रांचा पत्ता नाही. बँकेत आयुष्यभर हिशेब तपासणारा मी तिच्यापुढे निरक्षर ठरलो. नव्वदीतील आत्याबाईंनी ती अक्षरे लावली. पण ती दोन गावांच्या नावांशी जुळतात. ‘उपाश्रयासमोर पायविहीर होती, असे आजी सांगे,’ एवढेच त्यांना स्मरते.

आता दोन्ही गावे पाहू. पायविहीर सापडो वा न सापडो. आत्याबाईंकडून लिपी शिकण्यास नातीने प्रारंभ केला आहे. वाचकहो, आपल्याही माळ्यावरील वह्या, वाचणारे आहेत तोवरच उघडाव्यात.