जुन्या वॉर्डाची खिडकी

पणजीत कला महोत्सव होता. सून मला बेळगावहून घेऊन गेली. प्रदर्शन कुठं, तर जुन्या जीएमसीत! 1842 साली पोर्तुगीजांनी काढलेलं वैद्यकीय विद्यालय पुढं जीएमसी झालं. दवाखाना बांबोळीला गेला आणि 2004 पासून या आवारात इफ्फी भरू लागला.

1986च्या पावसाळ्यात माझी आई इथं एकवीस दिवस होती. दिवस मावळला की ती पाणीसुद्धा घेत नसे. मांडवीवरचा उजेड हेच तिचं घड्याळ. मी म्हापशाहून डबा आणायची. त्याच जुलैत पूल कोसळलेला, त्यामुळं बेतीला फेरीबोटीची ही गर्दी. एके दिवशी पोहोचले तर काळोख. डबा तसाच परत आला. पहाटे आई गेली.

त्या लांबलचक खोलीत आता पडद्यावर चित्रं हलत होती. जाड भिंती, उंच छत, सगळं राखलंय. पाडलं असतं तर एवढं दगड-लाकूड कुठल्या खड्ड्यात गेलं असतं कोण जाणे. मला बरं वाटलं, खरंच. पण खिडकीवर काळं कापड ठोकलेलं. अंधार हवा ना त्यांना! दाराशी बसलेल्या पोराला म्हटलं, "बाळा, जरा सारतोस?"

त्यानं कोपरा उचलला. मधे कॅसिनोची बोट आलीय, पण ऊन होतं पाण्यावर अजून.

"आई, जेवून घ्या आधी," सून म्हणाली, "मग उशीर होतो तुम्हाला."

बाहेर पायरीवर बसून आम्ही डबा उघडला.