खड्ड्यात कोण आहे?

प्रगती मैदानावरच्या जागतिक पुस्तक मेळ्यात एक आई विक्रेत्याला विचारत होती, "अंधाराची भीती जाईल असं काही आहे का?" त्याने तत्परतेने दोन पुस्तकं पुढे केली. दोन्हींच्या मुखपृष्ठावर हसरा चंद्र होता. शाळेचा पहिला दिवस, दातांचे डॉक्टर, इंजेक्शन, अंधार, सगळ्यांवर हल्ली पुस्तकं निघतात आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवावी तशी ती मागितली जातात. त्या आईची तळमळ खरी होती. पण मुलाला धीर देणारं पुस्तक बहुतेक वेळा भलत्याच निमित्ताने घरात आलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

माझा नातू मेट्रोच्या सरकत्या जिन्याला घाबरायचा. नोएडाहून राजीव चौकाला आलो की त्याचे पाय थिजायचे. उंचीचं त्याला काही वाटत नसे. भीती होती ती वरच्या टोकाची. तिथे पायऱ्या चपट्या होतात आणि लोखंडी दातांखाली नाहीशा होतात. जातात कुठे? मागून गर्दी लोटत असते, कोणीतरी "अरे, कुछ नहीं होता" म्हणून पुढे जातं, आणि तो माझा पदर मुठीत गच्च धरून उभा.

घरी 'महागिरी' होतं. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९५७ मध्ये दिल्लीत चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट सुरू केला, त्या संस्थेचं हे पुस्तक. गोष्ट हेमलता यांची, चित्रं पुलक बिस्वास यांची. देवळाच्या उत्सवासाठी खांब रोवायचा असतो. खड्डा तयार, गाव जमलेलं, आणि महागिरी हत्ती खांब खाली सोडायलाच तयार नाही. माहूत त्याला मारतो, हत्ती बिथरतो, माणसं पळत सुटतात. मग कळतं की खड्ड्यात मांजराचं पिल्लू आहे.

खड्ड्याच्या चित्रावर नातू थांबायचा. पान उलटू द्यायचा नाही. तळहात पानावर सपाट ठेवायचा, बोटं फाकून, आणि मधल्या फटींतून बघायचा. कधी भराभर मागची पानं उलटून जत्रेपर्यंत परत जायचा, पुन्हा हळूहळू खड्ड्याशी यायचा. शेवट त्याला पाठ होता, तरीही. एकदा तसाच हात ठेवून त्याने विचारलं, "आजी, जिन्याच्या आत पण कोणी आहे का?"

चित्रांच्या पुस्तकाची सारी ताकद मला त्या तळहातात दिसते. जिना कोणासाठी थांबत नाही, टीव्हीवरचा राक्षसही थांबत नाही. पुस्तकाचं पान मात्र मुलाच्या हातात असतं. किती वेळ घाबरायचं, कधी मागे फिरायचं, हे तोच ठरवतो. शेजारी आपलं माणूस बसलेलं असतं आणि त्याचा आवाज पुढे जायची घाई करत नाही.

मॉरिस सेंडॅक यांनी हे नेमकं ओळखलं होतं. त्यांच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या १९६३च्या पुस्तकात आईने उपाशी झोपायला पाठवलेला मॅक्स अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो. सुरुवातीला चित्र लहान असतं, भोवती पांढरी कोरी जागा. मॅक्सचा राग आणि रान वाढत जातं तसतसं चित्रही वाढतं, शब्दांना कडेला ढकलतं, आणि ऐन धिंगाण्यात शब्द उरतच नाहीत. मग चित्रं पुन्हा आक्रसतात आणि शेवटच्या पानावर फक्त शब्द. ते प्राणी सेंडॅक यांना सुचले लहानपणी घरी येणाऱ्या नातेवाइकांवरून. गाल ओढत "खाऊन टाकू का तुला?" म्हणणारी ती मंडळी आपल्याकडेही घरोघरी आहेत! ब्रूनो बेटलहाइम या नामांकित मानसतज्ज्ञांनी १९६९ मध्ये या पुस्तकावर टीका केली, मुलं घाबरतील म्हणून. मुलांनी ते पुस्तक सोडलं नाही.

म्हणून भीती आधीच पुसून टाकलेली पुस्तकं मला रुचत नाहीत. हसऱ्या चंद्राच्या पानात अंधार कुठे आहे? माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आमच्याकडे पुण्याहून मागवलेली आहेत. त्यांची चित्रंही त्यांचीच. त्यातली मुलं रुसतात, कंटाळतात, हात मोडून घेतात, आणि कोणी त्यांना शहाणपण शिकवायला बसत नाही. मराठीत हे काम इतक्या जिव्हाळ्याने झालं आहे, याचा दिल्लीत राहून मला फार अभिमान वाटतो.

जिन्याच्या आत कोण असेल, यावर आमची बरीच चर्चा झाली. मी त्याला सांगितलं, पायऱ्या साखळीला जोडलेल्या असतात, खालून फिरून परत येतात. हे त्याला पटलं, पण पिल्लाची शंका गेली नाही. मग राजीव चौकात आम्ही कडेला उभं राहून लोखंडी दातांपाशी नीट बघून घ्यायचो. बऱ्याच खेपा जिन्याकडे पाठ फिरवून लिफ्टने गेलो. एक दिवस त्याने पट्टा धरला, वर पोचताना उडी मारली, आणि तिथल्या तिथे वळून वाकून पाहिलं. मागच्या माणसांना थांबावं लागलं. एक जण वैतागला.

आता शाळेत पोहायला शिकवणार आहेत आणि तलावाच्या खोल बाजूचा तळ दिसत नाही, ही नवी तक्रार आहे. परवा त्याने पुन्हा 'महागिरी' काढलं.